हात गुंतलेले, कान मोकळे

गुड्डूचा मेसेज आला तेव्हा मी कूलरच्या ताट्यांतलं गेल्या वर्षीचं गवत उपसत होते. एप्रिल अर्धा सरला की अमरावतीत घरोघरी हेच चालू असतं. माळ्यावरून कूलर उतरतो, त्याच्या पोटातून एखादी पाल निघते, पंप दोन थपडा खाल्ल्याशिवाय पाणी ओढत नाही. मग नव्या गवताचा पहिला ओला वास घरभर पसरतो आणि उन्हाळा पाय पसरून राहायला येतो. हात धुऊन फोन पाहिला. गुड्डू म्हणजे माझा अकोल्याचा मावसभाऊ. त्याने लिहिलं होतं, 'ताई, ट्रक चालवताना ऐकाले एखादा चांगला पॉडकास्ट सांग ना. माहा नेहमीचा बंद झाला. लय बोर होऊन राह्यलं.'

ट्रक खरा नाही. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. टेबलाला स्टिअरिंग आवळून बसायचं आणि परदेशातल्या कुठल्याशा रस्त्यावरून तासन्‌तास माल पोचवायचा. नेहमीचा पॉडकास्ट कोणता ते त्याने लिहिलं नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. बंद झाला हे वाचून मला बरं वाटलं. आपल्याला इतकं बरं वाटू शकतं हे मलाच माहीत नव्हतं. पण ज्याच्यापायी तो पॉडकास्ट माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला, त्याच माणसाने मलाच विचारावं की आता काय ऐकू? अंगाचा तिळपापड झाला. मी नवं गवत इतकं दाबून भरलं की वाराच येईना.

तसा प्रश्न त्याने योग्य माणसाला विचारला. मला त्यातलं कळतं. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात मी नोकरी करते. जायला-यायला कंपनीची बस असते आणि बसमध्ये मी फोनवर फळं जुळवते. सारखी फळं एका रांगेत आणली की ती फुटतात, एवढाच तो खेळ. त्याला डोकं लागत नाही, म्हणून कानात काहीतरी लागतं. अनुभवाने सांगते, शब्दांच्या खेळाबरोबर गप्पांचा पॉडकास्ट लावू नये, दोन्हींचा चिवडा होतो. मारामारीच्या खेळाबरोबर इतिहास चालतो, कारण दोन्हीकडे माणसं मरतच असतात. पत्त्यांच्या खेळाला कोर्टातल्या खटल्यांच्या गोष्टी बऱ्या. आमच्या बसमधली एक बाई फोनवर शेती करते, डिजिटल वांगी लावते आणि खुनाच्या कथा ऐकते. वांगी तोडताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आणि हे काही नवीन नाही. उन्हाळी वाळवणाला बसलेल्या बायका आणखी काय करत होत्या? हात पापडाच्या लाटीत आणि कान कोणाच्या तरी सुनेच्या संसारात. ऐकणाऱ्यांचा त्या सुनेशी काही दावा नसायचा, कीवही नसायची. पापड संपेपर्यंत तिची गोष्ट पुरली म्हणजे झालं. माणसाचे हात गुंतलेले असले की कान निर्दय होतात, असं माझं मत आहे. ते मी कुठे वाचलेलं नाही. अकोल्याला एका उन्हाळ्यात शिकून आले.

त्याला चारपाच वर्षं झाली असतील. माझं लग्न ठरून मोडलं होतं. हिवाळ्यात साक्षगंध झालं होतं, म्हणजे पुणे-मुंबईकडचे लोक ज्याला साखरपुडा म्हणतात ते. मुलगा मूळचा अकोल्याचा, नोकरीला पुण्यात. होळी झाल्यावर त्याच्या वडिलांचा फोन आला की मुलाचा विचार बदलला. एवढंच. कारण नाही, भांडण नाही. रंग आवडला नाही म्हणून शर्ट दुकानात परत करावा, तसं.

आमच्याकडे माणसं दुःखाला हळद-कुंकू लावत बसत नाहीत. फाटकाशी उभं राहून सरळ विचारतात. 'काहून मोडलं वो पोरी? तुह्यात काही खोट होती का त्याच्यात?' विचारणारीच्या हातात कोथिंबिरीची जुडी असते आणि उत्तर मिळेपर्यंत ती निवडत उभी राहते. पुण्याच्या कानांना हे उद्धट वाटेल. मला मात्र त्या बायकांचा राग आला नाही कधी, त्या निदान तोंडावर विचारत होत्या. पण रोज रोज उत्तर कुठून आणायचं? आई म्हणाली, 'जाय, मावशीकडे राहून ये थोडे दिवस.' अमरावतीच्या उन्हातून अकोल्याच्या उन्हात जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तरी गेले.

अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळी नऊला नळाचं पाणी हाताला चटका देतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. पितळी कडीला फडकं धरून दार उघडावं लागतं. जठारपेठेतल्या मावशीच्या त्या घरात कूलर एकाच खोलीत होता, त्यामुळे जेवणं झाली की सगळं घर त्या खोलीत. मावसाजी दिवाणावर पेपर घेऊन आडवे. मावशी खाली सतरंजीवर सरगुंडे करत. मी तिच्या शेजारी. आणि भिंतीकडे तोंड करून गुड्डू, त्याच्या ट्रकवर.

त्या ट्रकसमोर बर्फ पडत असायचा. मला त्याची फार गंमत वाटे. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीला ओलं पोतं बांधलेलं, आणि आमचा गुड्डू गंजी घालून बर्फाळ घाटातून लाकडाचे ओंडके नेतोय. समोरच्या काचेवर बर्फ साचला की तो वायपर लावायचा. मावसाजी पेपराआडून म्हणायचे, 'थोडासा बर्फ इकडे टाक बे.' आणि या सगळ्यावर कूलरची घरघर, आणि त्या घरघरीच्या वर ऐकू यावा म्हणून गुड्डूने कूलरच्याच डोक्यावर ठेवलेला स्पीकर.

गुड्डूचं ऐकणं पद्धतशीर होतं. सरळ रस्त्याला भुताच्या गोष्टी. घाटात क्रिकेट, कारण त्यात मन लावावं लागत नाही. शहरातली गर्दी आली की बंद. आणि सगळ्यात लांबच्या खेपेला त्याचा लाडका पॉडकास्ट, पुण्यातल्या दोन तरुणांच्या गप्पांचा. तो आख्ख्या घराला आवडायचा. मावसाजी खो खो हसायचे. 'ताई, हे तू ऐकच,' तो मला म्हणाला होता. 'तुहं दुःख पयून जाईन.'

गुड्डू मनाचा वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण वाईट माणसाने केलेलं एवढं लागत नाही.

त्या दुपारी मावशी स्वयंपाकघरात होती, आंब्याचा रस काढत. मी एकटीच पाटावर सरगुंडे वळत होते. सरगुंडे म्हणजे घट्ट मळलेल्या पिठाची बारीक पट्टी काडीवर गुंडाळायची, अलगद काडी काढून घ्यायची आणि ती वळी वाळवायची. वाळली की खडखडीत होते. मग कधीही उकडून आमरसाबरोबर खायची. बोटं त्या लयीत लागलेली होती. स्पीकरवर दोघांतला एकजण ओळख करून देत म्हणाला, 'आज आपल्याकडे पाहुणा आहे, आणि तो थोडक्यात वाचलेला आहे.' पाहुणा हसला.

तो हसण्याचा आवाज मी ओळखला. साक्षगंधानंतर अडीच-तीन महिने रोज फोनवर ऐकलेला.

तो विदर्भातल्या स्थळाची गोष्ट सांगू लागला. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, तेवढी अक्कल होती. 'निघताना त्यांनी मला डबा दिला. पुण्याला आलो, रूमवर उघडला. आत काड्या! आम्हाला वाटलं फरसाण असेल. चहाबरोबर मी एक चावली, तर दाढ हलली माझी. मी फोन केला, म्हटलं हे काय आहे? तर ती काय म्हणाली सांगू?' आणि मग त्याने माझा आवाज काढला. नाकातून, लांबवून, एखादी म्हैस बोलू लागली तर जशी बोलेल तसा. 'उकडून खा लागते वोऽऽ! कच्चे कोनी खाते काऽऽय!'

स्पीकरवरचे ते दोघे हसून लोटपोट झाले. मावसाजींनी पेपर खाली ठेवून डोळे पुसले. गुड्डूने हसता हसता ट्रक कठड्याला घासला.

आता मला जे सांगायचं आहे ते नीट सांगते. तो फोन खरोखर आला होता. त्याने खरंच कच्चा सरगुंडा चावला होता. अकोल्यात जन्मलेल्या पोराने! मी त्याला खरंच म्हणाले होते, 'उकडून खा लागते, कच्चे कोनी खाते काय?' आणि आम्ही दोघंही इतके हसलो होतो की आई खोलीत डोकावून गेली. त्याआधी आम्ही परक्यासारखं जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून माझी बोली निघाली आणि तो म्हणाला, 'अशीच बोलत जा ना माझ्याशी.' लग्न मोडल्यावर त्याच्या सगळ्या वस्तू आईने परत पाठवल्या. तो फोन कोणी परत मागू शकत नव्हतं. मी तो स्वतःपाशी ठेवला होता. सगळं खोटं निघालं तरी तेवढं एक हसणं खरं होतं, असं मी मनाशी धरून बसले होते.

म्हैस बोलायची थांबली. गुड्डूने मान वळवून विचारलं, 'भारी आहे ना ताई?' मी म्हटलं, 'हो. चांगला आहे.' माझ्या हातातल्या काडीवरची पट्टी तुटली होती. ती परत मळून घेतली.

मी तेव्हाच का बोलले नाही? आजही स्वतःला हे विचारते, पण उत्तर काही अवघड नाही. त्या घरात मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच मी तिथे गेले होते. बोलले असते तर मी परत ती झाले असते, मोडलेली. आणि वर म्हैससुद्धा.

घराला नवा वाक्प्रचार मिळाला. पोळी थोडी कच्ची राहिली की मावसाजी सूर काढायचे, 'कच्चे कोनी खाते काऽऽय!' कैरीला मीठ लावून मी खायला घेतली की गुड्डू तेच म्हणायचा. दारावर आलेल्या गॅसवाल्यालाही त्याने ऐकवलं. विनोद चांगला असला की झिजत नाही म्हणतात. तोही झिजला नाही. मी प्रत्येक वेळी हसायचे, आणि ते मला जमत होतं याचंच मला आश्चर्य वाटायचं. बाहेर ऊन असं की गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची बादली वाकडी झाली. दुपारभर मी कूलरच्या अगदी जवळ बसायला लागले. कान त्याच्या जाळीला लावला की घरघरीत बाकीचं काही ऐकू यायचं नाही. मावशीला वाटलं मला ऊन बाधलंय. तिने कांदा फोडून माझ्या तळपायाला चोळला.

मग एके दिवशी गुड्डूला आठवलं की आईने तो भाग ऐकलेलाच नाही. 'आई, बस इथी. तुह्या सरगुंड्याची गोष्ट आहे,' म्हणत त्याने तो पुन्हा लावला. मी उठायला गेले. मावशीने माझ्या मांडीवर हात ठेवून बसवलं, 'कुठी चालली? ऐक की.'

डबा उघडला. काड्या निघाल्या. मावशी हसू लागली, आधी ओठात, मग पदर तोंडाला लावून. तेवढ्यात पाहुणा म्हणाला, 'आणि काय सांगू, प्रत्येक जुडीला लाल दोरा बांधलेला, देवाला नवस बोलल्यासारखा. मधे एकेक सुपारी!'

मावशीचं हसणं थांबलं.

सरगुंड्याच्या जुडीला लाल दोरा आणि मधे सुपारी, ही माझ्या मावशीची पद्धत. आख्ख्या वऱ्हाडात दुसरी कोणी असं करत नाही. माझ्या साक्षगंधाच्या शिदोरीसाठी तिनेच आदल्या उन्हाळ्यातले निवडून, एकसारखे लावून, जुड्या बांधून पाठवल्या होत्या. तिचा हात अजून माझ्या मांडीवर होता. तो तिने उचलून घेतला.

'बंद कर ते,' ती म्हणाली.

'अवं थांब ना आई, पुढं तर खरी मजा...'

'बंद कर म्हनते ना! माहे सरगुंडे होय ते!'

म्हैस अर्ध्यात तुटली. पडद्यावरचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहिला, वायपर मात्र चालूच. मावसाजींनी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मला वाटलं, आता कोणीतरी काही बोलेल. शिवी देईल त्याला. आमच्या बोलीत शिव्यांना काय तोटा! मी वाट पाहत होते. पहिल्यांदा बोलली ती मावशी, आणि माझ्याकडे वळून बोलली.

'तू त्याले डबा देतानाच सांगाले नाही पायजे होतं का, उकडा लागते म्हनून?'

मग मावसाजी. ते बिचारे वातावरण हलकं करायला गेले. 'जाऊ दे वो. पन बोलते चांगला तो. रेडिओवर पायजे होता.'

आणि गुड्डू. तो खुर्चीतच वळला होता, डोळे मोठे झालेले. 'म्हंजे ते ताई तू होय? बाप रे. तू तर फेमस झाली!'

मला खरंच वाटतं, तिघांपैकी एकालाही मला दुखवायचं नव्हतं. मावशीला तिच्या सरगुंड्यांची लाज राखायची होती. मावसाजींना दुपार राखायची होती. गुड्डूच्या ओळखीतलं कोणी पहिल्यांदाच पॉडकास्टमध्ये आलं होतं. माझी बाजू घ्यायला खोलीत जागा होती, पण प्रत्येकाचे हात कशात ना कशात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. सगळे आपापल्या जागी. कूलरवरचा स्पीकर दिसला नाही. कच्च्या पोळीवरून कोणी ती नक्कल केली नाही. मला वाटलं, चला, एवढं तरी. मनातल्या मनात मी गुड्डूला माफही करून टाकलं. लाकडाचे ओंडके लादून त्याचा ट्रक बर्फातून निघाला. लांबची खेप होती.

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला उठले, आणि पाठीमागून मला त्याच्या कानात अडकवलेले इअरफोन दिसले. त्याचे खांदे हलत होते. आवाज येऊ नये म्हणून त्याने खालचा ओठ दातांत धरला होता. ट्रक अगदी सरळ चालला होता, जराही घासला नाही. माझी चाहूल लागली तसं त्याने घाईने खोकल्यासारखं केलं. 'ताई, मले बी आन ना पानी,' तो म्हणाला.

मी आणून दिलं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर सोडल्यावर मागच्या सीटवर कोणीतरी फोनवर काहीतरी मोठ्याने लावलं आणि दोन पोरी हसल्या. मी वळून पाहिलं नाही. बडनेऱ्यापर्यंत मी मान ताठ धरून बसले होते, घरी आल्यावर आईने तेल लावून ती चोळून दिली. आईला मी काही सांगितलं नाही. मावशीने सांगितलं की नाही ते माहीत नाही, पण त्या वर्षीपासून अकोल्याहून सरगुंडे नुसतेच येतात, दोऱ्याविना. डब्यात मोकळे, एकमेकांवर घरंगळत. मी ते उकडते आणि आमरसाबरोबर पोटभर खाते. कोणाच्या दाढेपायी मी आमरस सोडणार नाही.

आता कूलर सुरू झाला आहे. दाबून भरलेलं गवत थोडं सैल केलं तेव्हा कुठे वारा लागला. फोन समोर आहे आणि गुड्डूला उत्तर द्यायचं आहे. एक छान पॉडकास्ट मला माहीत आहे, त्यात एक म्हातारे गृहस्थ नुसत्या विहिरींबद्दल बोलतात. सरळ रस्त्याला उत्तम. दुसऱ्यात एक बाई जुन्या खटल्यांचे निकाल वाचते, घाटात चालेल. दोन्हींची नावं लिहिली आणि पुसून टाकली. त्याला का द्यावीत मी? मग मोठं काहीतरी लिहिलं, त्या दुपारचं, इअरफोनचं, पाण्याच्या ग्लासाचं. तेही पुसलं. लग्न झालंय त्याचं, चांगली नोकरी आहे, माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करतो. त्याला ती दुपार आठवतही नसेल.

शेवटी एवढंच लिहिलं, 'कूलरचा आवाज ऐक. त्या उन्हाळ्यात मी तोच ऐकत होते.'

निळ्या खुणा लगेच उमटल्या. लिहितोय असं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. इतक्या वर्षांनी का होईना, कळलं असेल याला.

उत्तर आलं. आधी हसून डोळ्यांतून पाणी आलेले चेहरे, ओळभर. खाली लिहिलं होतं, 'काय ताई! तूच सुरू कर ना एखादा पॉडकास्ट. अगदी त्या सरगुंडेवाल्यावानीच बोलतं तू.'